राख, टायर, कवेलू : नागपूरच्या पूर्व टोकाला उभी राहणारी अभ्यासिका

शनिवार

पुण्याहून निघालेली रात्रीची गाडी नागपुरात शिरली तेव्हा फेब्रुवारी अजून संपायचा होता, तरी उन्हाला धार आली होती. स्टेशनाजवळच मेट्रो मिळाली. ती पूर्वेला प्रजापती नगरला संपते. तिथून शेअर रिक्षा, आणि रिक्षावाल्या दादांनी "इथून पुढं रस्ता नाही जी" म्हटलं तिथून पायी.

वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घरांच्या पट्ट्यांचा, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदांचा, प्रश्न अजून लटकलेला आहे आणि नावाने कुणाला त्रास व्हायला नको. एवढंच सांगते की वाऱ्याची दिशा फिरली की इथे भांडेवाडीचा वास येतो. अख्ख्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं जिथे जाऊन पडतो, ती भांडेवाडी. वस्तीतल्या कितीतरी बाया पहाटे पोतं घेऊन वेचायला निघतात. काहीजणी बांधकामावर रेजा, म्हणजे मजूर, म्हणून जातात. पुरुषांत मिस्त्री आहेत, हातगाडीवरून भंगार गोळा करणारे आहेत, वेल्डिंगवाले आहेत. म्हणजे शहर बांधणारे आणि शहराने टाकलेलं उचलणारे, दोघेही एकाच गल्लीत राहतात. त्यांच्या मुलांना अभ्यासाला बसायला मात्र जागा नाही. संध्याकाळचा वर्ग बुद्ध विहारात भरतो. विहारात कार्यक्रम असला की मुलं घरी परत.

म्हणून विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खोली उभी राहते आहे. सकाळी बालवाडी, संध्याकाळी अभ्यासिका. सामान होईल तेवढं टाकाऊ, काम होईल तेवढं वस्तीचं. मी लहान शाळांच्या बांधकामात असते म्हणून वर्ग घेणाऱ्या ताईने मला बोलावलं होतं. "जय भीम ताई, या," म्हणत तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच खड्ड्यापाशी नेलं. पाया आधीच खणून झाला होता.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर सगळे जमले. मी फोनवर काही फोटो दाखवले. उरुग्वेमधल्या हाउरेगिबेरी या छोट्या गावात २०१६ साली टायर, काचेच्या बाटल्या आणि डबे वापरून बांधलेली शाळा. तिची रीत अमेरिकेतले वास्तुकार मायकेल रेनॉल्ड्स यांची, ते सत्तरच्या दशकापासून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अशी घरं बांधत आले आहेत. मग ग्वाटेमालातल्या बाटल्यांच्या शाळा. त्यातली पहिली २००९ मध्ये ग्रानाडोस गावात झाली. मुलांना फोटो फार आवडले. रंगीत बाटल्यांतून येणारा उजेड कुणालाही आवडेल.

महिला मंडळाच्या आजी चष्मा पुसत सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "चांगलं हाय. पन फुटलं-तुटलं तर कोन करन?"

दुसरा कुणी बोलेना. मला वाटतं या कामातला खरा प्रश्न हाच आहे. टाकाऊ वस्तू भिंतीत घालणं हा उत्साहाचा भाग झाला, तो आठवडाभर टिकतो. भिंत पन्नास वर्षं टिकवायची असते. पाहुणे निघून गेल्यावर तिला भेग पडली तर ती इथल्या माणसांना, इथल्या हत्यारांनी, इथल्या पैशात बुजवता आली पाहिजे. आजींनी तो प्रश्न टाकला आणि पुढचे सगळे दिवस प्रत्येक वस्तूला आम्ही तोच विचारत राहिलो.

रविवार

आजचा दिवस बाटल्यांवर गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता.

ताईच्या मनात एक भिंत बाटल्यांची करायची होती. मुलांनी महिनाभर तयारी केली होती. रिकामी प्लास्टिकची बाटली धुऊन वाळवायची, तिच्यात कुरकुऱ्यांच्या, गुटख्याच्या, शाम्पूच्या पुड्या काडीने ठासून भरायच्या. भरणीला हिशेब असतो: एक लिटरच्या बाटलीत निदान ३३० ग्रॅम माल बसला पाहिजे, नाहीतर ती दाबली जाते. आत ओलं किंवा खरकटं राहिलं तर ते कुजून वायू धरतो. मुलांनी किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक बाटली तोलून तिच्यावर आकडा लिहिला होता. इतकी निगुतीने केलेली भरणी मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

बाया वेचून परत आल्या, पोती उतरवली, आणि त्यातल्या एका काकूंनी बाटल्यांची ती रास पाहून सरळ सांगितलं, "ताई, रागवू नका. हे बाटली आमची रोजी होय. पुडीले कोनी इचारत नाही, बाटलीले कबाडी पैसे देते."

बरोबर आहे. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीला आपल्याकडे भाव आहे. ती वेचली जाते, कबाड्याकडे जाते, तिथून गठ्ठे होऊन पुढे कारखान्यात, आणि तिचा धागा होतो. ही साखळी सरकारने उभी केलेली नाही, या बायांच्या पाठीवर उभी आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली तेव्हापासून हे काम काम म्हणून मोजलं जावं यासाठी भांडणं चालली आहेत. ग्वाटेमालाच्या ज्या डोंगरी गावांत बाटली विकत घेणारा कुणी फिरकत नव्हता, तिथे ती भिंतीत गेली तर कुणाच्या ताटातलं काही कमी होत नव्हतं. इथे होतं. बाटली वाचवायची म्हणून वेचणारीची मजुरी बुडवायची, असलं पर्यावरण मला मान्य नाही.

मग मिस्त्री काकांनी हिशेब मांडला. ग्वाटेमालातही भार बाटल्या घेत नाहीत. तिथे आधी सिमेंट-सळईची चौकट उभी राहते, बाटल्या नुसत्या मधल्या भरावात असतात, दोन्ही बाजूंनी कोंबडजाळी आणि वर सिमेंटचा गिलावा. उन्हात उघडी राहिलेली बाटली काही वर्षांत ठिसूळ होते आणि आगीपाशी ती धोक्याचीच, म्हणून गिलावा कुठेही सुटून चालत नाही. चौकट, जाळी, गिलावा आणि कबाड्याच्या भावाने विकत घेतलेली बाटली, सगळं धरलं तर भिंत राखेच्या विटांहून महाग पडत होती. शिवाय उद्या गिलावा फुगला तर तो पूर्ण उतरवून जाळी बदलावी लागणार.

ताईचा चेहरा उतरला. मुलांनी केलेल्या कामाचं काय, हा तिचा प्रश्न रास्त होता. तोडगा काकूंनीच काढला: विहाराच्या दारातल्या कडुलिंबाभोवती बसायला कट्टा करू. कट्ट्यावर छताचा भार नाही. वापरलेल्या बाटल्यांचे पैसे कबाड्याच्या दराने वेचणाऱ्या बायांना द्यायचे, आणि यापुढे फक्त वस्तीतल्या पुड्या भरायच्या, बाहेरून गोळा करून आणायच्या नाहीत. सगळ्यांना पटलं. दुपारी काकूंच्या घरी गोळाभात खाल्ला, वरून तापलेल्या तेलाची फोडणी. इतका चविष्ट गोळाभात मी आधी खाल्ला नव्हता.

सोमवार

कोराडीला गेलो. मिस्त्री काका, ताई, दहावीतली दोन मुलं आणि मी.

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आहेत. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे वाघिणीभर कोळसा जाळला की जवळपास तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख म्हणून मागे उरतो. ती पाण्यात कालवून पाइपाने तलावात नेऊन सोडतात. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखाडी गाळ शेतांत, नाल्यांत पसरला. वाटेत चहाच्या टपरीवर काकांच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले. उन्हाळ्यात वावटळ उठली की कपाशीच्या बोंडावर राख बसते, असं ते सांगत होते.

१९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करायच्या तर त्यात राख वापरलीच पाहिजे. २००३ मध्ये अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३००. वीटभट्टी शेताची वरची कसदार माती खाते आणि वर कोळसाही जाळते. राखेची वीट भाजावी लागत नाही. राख, खडीच्या क्रशरची चुरी, चुना किंवा सिमेंट, थोडं जिप्सम. साच्यात दाबायची आणि दोन-तीन आठवडे पाणी मारत ठेवायची, एवढंच.

तेवढंच म्हटलं तरी पाणी मारण्यातच कारागिरी आहे. जिने घाई केली तिची वीट कोपऱ्याने ढासळते. काकांनी थप्पीतल्या मधल्या विटा काढायला लावल्या, वरच्या घेतल्या नाहीत. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या, एक छातीइतक्या उंचीवरून खाली सोडली. चार विटा कोरड्या तोलून आम्ही पाण्यात टाकायला वस्तीत नेल्या. २४ तासांत वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर वीट घ्यायची नाही. मुलांनी आकडे वहीत लिहून घेतले.

विटा दाबणाऱ्या मजुरांच्या तोंडावर नुसता गमछा होता. राख मैद्यासारखी बारीक असते, गमछा तिला अडवत नाही. टाकाऊ मालातून बांधकाम करणाऱ्या आपण सगळ्यांनी हेही मोजायला हवं. वीट हिरवी आहे की नाही ते दाबणाऱ्याच्या छातीवरूनही ठरतं. काकांनी मालकांना ते बोलून दाखवलं, मीही बोलले. पुढच्या खेपेला चांगले मास्क द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे, आणि आमची दुसरी खेप त्याच अटीवर ठरली.

मंगळवार

विटा परीक्षेत पास झाल्या. वस्तीत सकाळपासून धांदल.

इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते. काळ्या मातीवर पाया टेकवला तर दोन पावसाळ्यांत भिंत फाटते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदलं होतं. जोत्याच्या भरणीला महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या एका पाडलेल्या वाड्याचा मलबा आला होता: विटांचे तुकडे, चुन्याचे गड्डे, फरशीचे कपरे. बायांनी त्यातलं लाकूड, प्लास्टिक, लोखंड हातासरशी निवडून बाजूला केलं. वेचायची सवय असलेल्या डोळ्यांना जे दिसतं ते मला दिसत नव्हतं. मला सारखी दिसणारी दोन खापरं त्यांनी क्षणात वेगळी केली, एक भरणीला आणि एक चुना चिकटलेलं म्हणून कुटून गाऱ्यात घालायला.

टायर कुठे वापरायचे यावर सकाळी बराच खल झाला. रेनॉल्ड्स यांच्या घरांत टायरमध्ये माती घालून घणाने ठोकतात. एकेका टायरमध्ये सव्वाशे-दीडशे किलो माती बसते आणि त्याच्या थराथरांची भिंत होते. एका तरुण दादाला पूर्ण मागची भिंत तशीच करायची होती. काका म्हणाले, "भिंतीखाली नको बाप्पा. नाल्याच्या बाजूनं चालन." त्यांचं म्हणणं असं की टायरची भिंत दोन-अडीच फूट जाड होते, खोली तेवढी लहान होते, आणि इथे जागा हातावर मोजावी लागते. पण विहाराच्या मागून जो नाला वाहतो तो दर पावसाळ्यात अंगणाची माती कापून नेतो. तिथे मुरूम ठोकलेले टायर उतरते रचले तर ते थोडे हलले तरी फुटणार नाहीत, आणि एखादा निसटला तर दोन माणसं तो परत बसवू शकतील. आजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथे बरोबर मिळत होतं.

दुपारभर नाल्याच्या काठी घण चालला. टायरच्या पोटात कुठेही पोकळी राहायला नको, नाहीतर पाणी साचून डासांची पैदास होते. डेंग्यूने या वस्तीला पुष्कळ छळलं आहे, म्हणून वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताई स्वतः प्रत्येक टायरच्या कडेत बोटं घालून तपासत होत्या.

चार वाजता भिंतीचा पहिला थर बसला. ही भिंत वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट ट्रॅप पद्धतीची. वीट आडवी निजवायची नाही, कडेवर उभी करायची. राखेची वीट नऊ बाय चार बाय तीन इंचांची. तीन-तीन इंचांच्या दोन उभ्या विटा समोरासमोर, मध्ये तीन इंचांची पोकळी, आणि मग दोघींना धरून ठेवणारी एक वीट आरपार. नऊ इंची भिंत होते, विटा जवळपास पाव हिश्शाने वाचतात आणि मधली हवा ऊन आत येऊ देत नाही. काकांनी अशी भिंत कधी रचली नव्हती. मी कागदावर काढून दाखवू लागले तर त्यांनी कागद बाजूला ठेवला, गाऱ्याशिवाय नुसत्या आठ-दहा विटा जमिनीवर मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. कोपऱ्याशी अडले. तिथे भरीव जोड द्यायचा हे त्यांचं त्यांनाच सुचलं. मग ओळंबा सोडला आणि सूर्य मावळेपर्यंत थापी थांबली नाही. त्यांच्यासोबत रेजाकाम करणाऱ्या दोघी बायांनी आज पहिल्यांदा थापी हातात घेतली. "इतके साल घमेले उचलले, वीट नाही लावू दिली कोनी," त्यातली एक म्हणाली. काकांनी तिला दोरी धरायला नाही, वीट लावायला उभं केलं. मला आजच्या दिवसातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

बुधवार

पहाटेच्या गाडीने वर्ध्याकडे. नागपूरहून सेवाग्राम साधारण ७५ किलोमीटर. रुळाच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता. आजींसह महिला मंडळाच्या बाया, काका आणि ताई, असा आमचा डबाभर घोळका.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. माती, बांबू, लाकूड आणि कौलं, सगळं आसपासचं. बापू कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा अजून आहे. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. तो वाचलेला असणं वेगळं आणि इतक्या वर्षांनंतरही त्या भिंतीपाशी गारवा लागणं वेगळं.

आमच्यातल्या बऱ्याच जणींचा गांधींशी वैचारिक वाद आहे आणि तो त्यांनी तिथेही लपवला नाही. बाबासाहेबांनी लोकांना खेडं सोडा म्हणून सांगितलं, माती-कुडाच्या घरात आमच्या आज्या-पणज्यांनी काय भोगलं ते आम्हाला माहीत आहे, असं ताई म्हणाली. मातीचं घर हे कुणासाठी साधेपणाचं, तर कुणासाठी नाइलाजाचं राहिलेलं आहे. वस्तीत काम करणाऱ्याने हे विसरून "मातीत राहा, छान असतं" असं सांगू नये. पण त्याच वेळी आजी भिंतीवरून हात फिरवत पोताऱ्याची, म्हणजे मातीच्या सारवणाची, चौकशी करत होत्या: माती कुठली, कुटार म्हणजे भुसा किती, वर्षातून कितीदा. ही भिंत दरवर्षी माणसाचा हात मागते, आणि तो हात द्यायला माणसं आहेत म्हणून ती उभी आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं.

तिथून जवळच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमार यांनी ते १९७६ साली सुरू केलं. इथे गुणा टाइलचं छत पाहायचं होतं. कुंभाराच्या चाकावर शंकूसारख्या पोकळ नळ्या करून भाजतात, एकीच्या तोंडात दुसरी खोवत कमान धरतात, कमानींना कमान जोडून वर लिंपण करतात. सळई नाही, लाकूड नाही. नळ्यांच्या पोकळीत हवा कोंडलेली असल्याने छत तापत नाही, आणि कुंभाराला काम मिळतं. मी या छताच्या प्रेमात आहे आणि तेच आपल्या खोलीला व्हावं अशी माझी इच्छा होती.

काका कमानीखाली बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बाहेरच्या भिंतींची जाडी पावलांनी मोजली. कमान दोन्ही भिंतींना बाहेर ढकलते. तिला पोटभर जड भिंती लागतात, नाहीतर ताण धरणाऱ्या सळया. आमची भिंत पोकळ, जमीन काळी आणि बाजूला नाला. "इथं सुंदर हाय. तिथं नाही जमत," त्यांनी निकाल दिला. मला वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

परतीच्या गाडीत मी त्यांना बांगलादेशातल्या रुद्रपूरची शाळा दाखवली. वास्तुकार आना हेरिंगर यांनी गावकऱ्यांबरोबर माती आणि बांबूची दुमजली शाळा बांधली, तिला २००७ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. मातीखाली विटांचा पाया आहे, छज्जा लांब आहे, हे काकांनी फोटोतच ओळखलं. शाळेच्या नावापेक्षा त्यांना तिचा पाया विचारावासा वाटला.

गुरुवार

विटांचे थर चढले. फार काही घडलं नाही, एक गोष्ट सोडून.

खिडक्यांच्या वर उजेडासाठी काचेच्या बाटल्या आडव्या बसवायच्या असा बेत होता. कबाड्याकडून पोतं आलं आणि उघडलं, तर बहुतेक देशी-विदेशी दारूच्या. बायांनी पोतं तिथल्या तिथे बंद केलं. शाळेच्या भिंतीत दारूची बाटली लागणार नाही. त्यावर चर्चा नव्हती आणि व्हायलाही नको होती. या गल्लीत त्या बाटलीने काय केलं आहे ते त्यांना माहीत, आणि मुलं रोज त्या भिंतीकडे तोंड करून बसणार. बाटल्यांऐवजी विटाच एकाआड एक मोकळ्या सोडून जाळी केली. हवा अधिक खेळते, आणि एखादी वीट निखळली तर दुसरी लावता येते.

शुक्रवार

आता छत. नागपुरात छताचा विचार आधी करायचा आणि भिंतीचा नंतर, इतकं इथलं ऊन आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत टिनाखाली मुलं बसवणं म्हणजे त्यांना आजारी पाडणं. तरी वस्तीतली बहुतेक घरं टिनाचीच, कारण टिन एका दिवसात चढतं आणि माकडांना फुटत नाही.

हो, माकडं. कवेलूची, म्हणजे कौलांची, घरं मागे पडली त्याचं पैशाइतकंच मोठं कारण ती आहेत. एक टोळी छतावरून गेली की दहा-वीस कवेलू फुटतात, आणि ते फेरून, म्हणजे उतरवून पुन्हा रचून, देणारी माणसं आता मिळत नाहीत. आम्ही कवेलूच घालायचे ठरवलं आहे, पण दुहेरी बंदोबस्ताने. वाड्यांतून, खेड्यांतून उतरवलेले जुने कवेलू पडून असतात. स्लॅब टाकणारा माणूस ते घेऊन जा म्हणतो. महालातल्या त्याच वाड्याची सागवानी वासे-पाट्यांची रास काकांनी पारखून आणली. शंभर वर्षांचं सागवान, खिळ्याची भोकं सोडली तर टणक. खाली वासे, त्यावर बुरडांकडून विणून घेतलेला बांबूचा तट्टा, त्यावर मातीचा पातळ थर, वर कवेलू. कवेलू फुटला तरी तट्टा आणि माती खालच्या मुलांवर काही पडू देत नाहीत. कडेच्या चार ओळी चुन्यात बसवायच्या, कारण माकडं कडेवरून चढतात. हे सगळं आजींनी सुचवलं. त्यांचे वडील उमरेडकडे कवेलू चढवायचं काम करायचे.

संध्याकाळी आजींनी दहावीच्या मुलांना जमिनीवर कवेलूच्या ओळी लावायला बसवलं: पहिली उताणी, दुसरी पालथी, किती बोटं चढवायची, गळतीची जागा खालून कशी ओळखायची. दरवर्षी अक्षयतृतीयेच्या सुमाराला, पावसाच्या आधी, मुलांनीच छत फेरायचं असं ठरलं. आजींनी आपलं ज्ञान द्यायला इतकी वर्षं कुणी मागितलंच नव्हतं.

शनिवार

भिंत लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, आली. मी रात्री निघणार, म्हणून दिवसभर घरांकडे फिरले.

शाळा बघून घरांची मागणी येणार हे उघड होतं. पण घराचं गणित शाळेसारखं नसतं. ज्याच्या हातात पट्टा नाही तो पक्कं बांधायला घाबरतो; उद्या हलवलं तर भिंत इथेच राहते, टिन मात्र उचलून नेता येतं. टिनाच्या घरांमागे हा शहाणपणाचा हिशेब असतो. वस्तीचे पट्टे झाल्याशिवाय टिकाऊ घरांच्या गोष्टी अर्ध्याच राहतात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मंडळाने अर्ज पुन्हा लिहायला घेतला आहे. मोजणीचा नकाशा सोबत जोडायचा म्हणून मी आणि मुलांनी गल्ली फितीने मोजून कागदावर उतरवली.

बाटल्यांवर हरकत घेणाऱ्या त्याच काकूंना चुलीच्या बाजूची भिंत हवी होती. टिन तापतं, धूर कोंडतो, नातीला खोकला आहे. पट्टा नाही. त्यांनी काकांना विचारलं, "लावली अन् उद्या उठवलं तर?"

काका म्हणाले, "सिमेंटात नाही लावत. मातीच्या गाऱ्यात लावू. इटा काढून नेता येतीन."

सिमेंटात बसलेली वीट काढताना फुटते. मातीच्या गाऱ्यातली वीट झाडून पुसून पुन्हा लागते. एकमजली, टिनाचा हलका भार असलेल्या घराला मातीचा गारा पुरतो, फक्त पावसाच्या बाजूला चुन्याचा हात द्यावा लागतो आणि खालचे तीन थर सिमेंटात घ्यावे लागतात. म्हणजे काकूंना भिंत मिळेल आणि ती त्यांच्याबरोबर जाऊही शकेल. माती विहाराच्या खड्ड्यातून निघालेला मुरूम चाळून घ्यायची, काळी माती अजिबात मिसळायची नाही. विटा कोराडीच्या दुसऱ्या खेपेत येतील. मंगळवारी थापी हातात घेतलेल्या दोघीजणी भिंत लावतील, काका ओळंबा बघतील, मजुरी मंडळाच्या फंडातून.

दोरी लावून चुलीची बाजू मोजली: आठ फूट लांब, सात फूट उंच, वर धुरासाठी विटांची जाळी. काकूंनी जाळी हातभर वर घ्यायला लावली, शेजारच्या घरात धूर जायला नको म्हणून. सोमवारी सकाळी पाया धरायचं ठरलं.